रुखवतातलं पातेलं

चुंबक पातेल्याला चिकटलं तेव्हा माझ्या कपाळाला मुंडावळ्या होत्या.

‘टक्’ असा आवाज झाला. फार मोठा नव्हे, पण मला तो अजून ऐकू येतो. कराडच्या त्या मंगल कार्यालयाच्या मधल्या दालनात तेव्हा माझ्याखेरीज कोणी नव्हतं. दोन्हीकडची मंडळी मागच्या पडवीत फराळाला बसली होती, सनईवाले चहा पीत होते, आणि मी मुलीकडच्यांनी मांडलेल्या रुखवतासमोर एकटा उभा होतो. नवऱ्या मुलानं लग्नाआधी जिथे असू नये, नेमका तिथे.

तिथे मी आलो तो लाजेपोटी. वरपक्षाच्या खोलीत मला एका खुर्चीवर बसवून ठेवलं होतं आणि बायका जथ्याजथ्यानं येऊन बघून जात होत्या. एकीनं तर मला उभं राहून वळून दाखवायला सांगितलं, असं मला आठवतं. माझी बायको कुंदा म्हणते, असं कोणी सांगितलं नसणार, तुम्ही आपण होऊनच वळला असाल. तेही शक्य आहे. हात धुवायचं निमित्त काढून मी सटकलो, आणि दालनात आलो तर समोर मेजावर स्टीलची भांडी मांडलेली. परक्या गावात अचानक ओळखीचं माणूस दिसावं तसं मला झालं.

भांड्यांशी माझी ओळख कशी, ते सांगायला हवं. मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात रसायनं बघत असे. हुद्दा केमिस्टचा, माझी आत्या शेजारीपाजारी ‘शास्त्रज्ञ’ सांगायची. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, टॉर्चची टोपणं, कातऱ्या असा माल आमच्याकडे यायचा. कुंडातलं निकेलच्या क्षारांचं पाणी हिरवंगार असतं, वाळ्याच्या सरबतासारखं. त्यात मळकट तोटी टांगायची, वीज सोडायची, आणि काही वेळानं ती नवरदेवासारखी लखलखीत होऊन वर यायची. निकेलला गंज चढत नाही, हवापाणी त्याला सहसा बाधत नाही. त्यामुळे आत धातू कितीही हलका असला तरी वरचा पातळसा थर त्याची अब्रू राखतो. मला हे काम मनापासून आवडायचं. आपल्यालाही कोणी तरी असंच एकदा बुचकळून काढावं, असं त्या कुंडापाशी उभं राहून मला पुष्कळदा वाटलेलं आहे.

आणि माझ्या डाव्या खिशात कायम एक चुंबक असायचं. घोड्याच्या नालासारखं, लाल रंग दिलेलं. कुंडात पडलेला लोखंडी तुकडा बाहेर काढायला ते लागायचं, शिवाय थर तपासायलाही. पितळेला चुंबक चिकटत नाही, निकेलला चिकटतं. तेव्हा पितळेच्या तोटीनं चुंबकाला किती ओढ दिली, यावरून वर निकेल किती बसलं याचा अदमास यायचा. पण खरं सांगायचं तर खिशात ते असण्याचं कारण वेगळं होतं. सुपारी खाणाऱ्याचा हात जसा चंचीकडे जातो, तसा माझा हात समोर माणूस आलं की खिशातल्या चुंबकाकडे जायचा.

ज्या अंबूआत्यानं मला लहानाचं मोठं केलं, तिनं या चुंबकाला वेगळाच मान मिळवून दिला होता. तेव्हा बायका स्टीलची भांडी जिवापाड जपून, एकेक करून घ्यायच्या, आणि फसवणुकीची भीती मोठी. मी एकदा आत्याला समजावून सांगितलं होतं, की चांगल्या स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असतं आणि निकेल असतं. लोखंड एकटं चुंबकाला चिकटतं, निकेलही एकटं चिकटतं, पण ठरलेल्या प्रमाणात ती एकमेकांत मिसळली की दोघंही चिकटायचं सोडून देतात. सांगताना मी बराच रंगलो होतो. त्यातलं आत्यानं एवढंच पदरात घेतलं: चिकटलं तर खोटं. पुढे तिनं ते गल्लीभर केलं. कोणाच्याही घरी भांडं घ्यायचं निघालं की मला बोलावणं यायचं, आणि मी चार बायकांच्या मागे मान खाली घालून भांड्यांच्या दुकानात जायचो. दुकानदार मला लांबून बघूनच काही डबे आत न्यायला लागले होते.

तर असा मी, मुंडावळ्या सावरत, रुखवतासमोर उभा होतो. लाडवांचे मनोरे होते, साखरेचं तुळशीवृंदावन होतं, क्रोशाचे रुमाल होते. मी तिकडे पाहिलंही नाही. हात खिशात गेला, चुंबक बाहेर आलं, आणि मी घागरीला लावलं. चिकटलं नाही. डब्यांच्या उतरंडीला वरपासून खालपर्यंत लावलं. नाही. ताटं, वाट्या, तांब्या, सगळी अस्सल. मला मुलीच्या वडिलांचा अभिमान वाटत चालला. मग उतरंडीच्या बुडाशी एक मोठं पातेलं होतं, पोटावर ‘कुंदा’ असं नाव कोरलेलं, त्याला सहज लावलं.

टक्.

माझ्या मनात पहिल्यांदा आले ते अप्पा. अप्पा दाबके, म्हणजे माझे होणारे सासरे. कराडात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, एका माणसानं आत बसावं आणि दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढंच. मुलगी बघायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा मी अर्धा तास तोंडातून शब्द काढला नव्हता. माझ्या वतीनं आत्याच बोलत होती. शेवटी वेळ किती झाली म्हणून मी घड्याळ पाहिलं आणि ते भलतीच वेळ दाखवत होतं. अप्पांनी काही न विचारता ते माझ्या मनगटावरून काढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, “घड्याळ चुंबकलंय. खिशात काय बाळगता?”

मी चुंबक काढून दाखवलं. खोलीतली सगळी माणसं पुढे वाकली. आत्यानं मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. अप्पा हसले आणि हे कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं. मग मला काय झालं कोण जाणे. आयुष्यात बोललो नव्हतो तेवढं मी बोललो. त्यांच्या खिशातला निकेलचा जुना रुपया चुंबकानं उचलून दाखवला. घड्याळाच्या बारीक केसासारख्या स्प्रिंगमध्ये निकेल घातलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात ती सैल पडत नाही आणि वेळ चुकत नाही, हे मी अर्धं सांगितलं आणि अर्धं त्यांनी. इस्त्रीतली तापणारी तार झाली, चष्म्याची काडी झाली, आणि त्याच भरात, समोर ठेवलेल्या शिऱ्याकडे बोट दाखवून मी म्हणालो की तेलाचं वनस्पती तूप करतात तेसुद्धा निकेलच्या भुकटीच्या साहाय्यानं. भुकटी नंतर गाळून काढतात, हे मी सांगणारच होतो. पण मुलीच्या आईनं तोवर बशी उचलून आत नेली होती. मी शिरा चाखलाही नव्हता.

मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. काही विचारायचं असेल तर विचार, असं तिला सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, “तुम्ही नेहमी एवढं बोलता?”

“नाही,” मी म्हणालो. “एरवी बोलतच नाही.”

परतीच्या एसटीत आत्यानं जाहीर केलं की हे स्थळ गेलं, आणि यापुढे मुली बघायला ती एकटीच जाईल. पण आठवड्याभरात होकार आला. अप्पांनी घरात काय सांगितलं ते मला पुढे कळलं. ते म्हणाले होते, मुलगा कधी खोटं बोलणार नाही. त्याला तेवढं सुचायचं नाही. त्यानंतर लग्नापर्यंत मी दोनदा काही तरी खोटं निमित्त काढून कराडला गेलो, आणि दोन्ही वेळा मुलीला न भेटता अप्पांच्या दुकानाबाहेर उभा राहून गप्पा मारून परत आलो. निमित्त खोटं आहे, हे अप्पांनी दोन्ही वेळा ओळखलं असणार. माझं बोलणं हौसेनं ऐकणारा जगात तो एक माणूस मला भेटला होता, आणि त्याच्या पातेल्याला माझं चुंबक चिकटलं होतं.

कोणी यायच्या आत ते काढावं म्हणून मी ते ओढलं. चांगलं जोर लावून, सरळ आपल्याकडे. चुंबक सुटलं नाही, पातेलंच पुढे आलं. पातेल्यावर उतरंड होती. पहिला डबा पडला तो तुळशीवृंदावनावर, मग एकामागून एक सगळे. शेवटची झाकणी तर कितीतरी वेळ जमिनीवर गोल गोल फिरत राहिली. मला वाटतं मी ती फिरताना बघत बसलो. दुसरं काही करता आलं असतं, पण ते काय, हे मला आजही सुचत नाही.

सर्वांत आधी आत्या आली, पोह्याचा घास तोंडात घेऊनच. तिनं पडलेली भांडी पाहिली नाहीत, माझा चेहराही पाहिला नाही. तिची नजर थेट पातेल्यावरच्या त्या लाल नालावर गेली. घास गिळून तिनं एकच शब्द विचारला.

“चिकटलं?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार? ते दिसतच होतं.

पाठोपाठ सगळं वऱ्हाड आलं. रुखवताची एक रीत असते. मुलीकडच्यांनी हौसेनं दाखवायचं आणि मुलाकडच्यांनी तोंड भरून वाखाणायचं. हात कोणी लावायचा नसतो. इथे तर नवरा मुलगा मुहूर्ताआधी एकटा येऊन भांडी तपासत होता. काय झालं ते मुलीकडच्या बायकांनी एका नजरेत ओळखलं, कारण चुंबकाची परीक्षा त्याही करायच्या. फक्त दुकानात करायच्या, एवढाच फरक.

आत्या अप्पांना म्हणाली, “व्याही, आम्ही काही बोलत नाही. एवढं एक भांडं तेवढं बदलून द्या.”

आम्ही काही बोलत नाही, हे बोलण्याची तिची एक पद्धत होती. ती ऐकल्यावर माणसाला, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

मुलीचे मामा, तात्यामामा, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. साधं ‘या, बसा’ म्हणाले तरी ते तिसऱ्या फलाटापर्यंत ऐकू जाई. ते पुढे झाले आणि सगळ्या कार्यालयाला उद्देशून म्हणाले, “मुलगी बघितलीत, पत्रिका बघितलीत, आता भांड्यांचीही पत्रिका बघा. उद्या आमचे दात मोजा.”

आत्या म्हणाली की दात मोजायची वेळ आमच्यावर आली नसती, दुकानातच नीट बघून घेतलं असतं तर. मग दोन्हीकडून बोलणं वाढत गेलं. मामांचं म्हणणं, नवऱ्या मुलानं आणि त्याच्या आत्यानं सर्वांदेखत अप्पांची माफी मागावी, तोवर मुलगी बोहल्यावर येणार नाही. आत्याचं म्हणणं, चिकटलं ते चिकटलं, यात आमच्या मुलानं काय चोरी केली. भांडं बदलेपर्यंत मुलगाच उभा राहणार नाही. ती खुर्ची ओढून रुखवताच्या मेजासमोर बसली आणि तिनं पदर खोचला. तिनं पदर खोचला की काय होतं ते मला माहीत होतं. भटजी मुहूर्ताची आठवण करून देऊन गेले. त्यांना दोघांनीही थांबायला सांगितलं. या सगळ्यात माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अडचणच झाली असती.

अप्पा पातेल्याकडे बघत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून, घड्याळाबद्दल विचारावं तितक्याच हळू आवाजात विचारलं, “खोटं आहे का हो ते?”

हा प्रश्न मला नीट ऐकू आला होता. त्याचं उत्तर ‘नाही’ असं एका शब्दाचं होतं, आणि ते मला येत होतं. त्या पातेल्यात निकेल नव्हतं, क्रोमियम होतं. असंही स्टील असतं, तेही गंजत नाही, फार तर मीठ-आंबट लागून डाग पडतात. ते थोडं हलकं म्हणा, पण खोटं नव्हे. एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती, खिशात गेलेल्या हाताला चुंबक सापडेना, आणि मी सुरुवात केली ती मुळापासून.

“निकेल हा धातू,” मी म्हणालो, “स्वतः चुंबकाला चिकटतो.”

सगळे शांत झाले. माफी येणार, असं त्यांना वाटलं असावं. मी पुढे गेलो. शंभर भागांत अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल, इथपर्यंत पोचलो. लोखंडाच्या अणूंची मांडणी निकेलमुळे कशी बदलते, ते हातवाऱ्यांनी दाखवू लागलो. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या त्या बाजूला करून पुन्हा दाखवलं. मागून कोणी तरी विचारलं, मुलाला ऊन लागलंय का. तात्यामामांनी हात वर केला आणि आत्याला म्हणाले, “बाई, हे माफी मागतायत की शिकवणी घेतायत?”

अप्पांनी मग ते पातेलं उचललं. चुंबक त्याला तसंच चिकटलेलं होतं. नवा कोट, डोक्याला फेटा, काखेत पातेलं अशा थाटात ते म्हणाले की वाद नको, बाजारपेठ जवळच आहे, आत्ता जाऊन बदलून आणतो. आवाज अगदी साधा होता. पण ते माझ्याकडे न बघता बोलले, आणि तेव्हा मला कळलं की आता लग्न लागलं तरी माझं काही खरं नाही. हा माणूस यापुढे माझ्याशी जावयाशी बोलतात तसं बोलेल; या, बसा, पाणी घ्या. मी दाराच्या दिशेनं दोन पावलं टाकली. त्यांना अडवायचं होतं. तोंडातून जे आलं ते “अप्पा, निकेल” एवढंच.

“अप्पा, ते खाली ठेवा.”

आवाज आतल्या दारातून आला. कुंदा पिवळ्या अष्टपुत्रीत, मुंडावळ्या बांधून उंबऱ्यावर उभी होती. मुहूर्ताआधी मुलीनं मुलासमोर यायचं नसतं. तिची मावशी मागून तिचा हात धरून ओढत होती आणि ती येत नव्हती. मावशीला तिनं फराळाच्या ताटाकडे पिटाळलं आणि पुढे आली.

“ते बदलायचं नाही,” ती म्हणाली. “बाकीचं सगळं तुम्ही घेतलंत. ते मी घेतलंय, बालवाडीच्या पहिल्या पगारातून. नाव पण त्याच्यावरच आधी घातलं.”

आत्या म्हणाली, “अगं, पण तुझ्याच संसाराला उद्या…”

कुंदानं तिला पुढे बोलू दिलं नाही, पण ते इतक्या सौम्यपणे, की आत्याला थांबल्यावरच कळलं आपण थांबलो. मग कुंदानं अप्पांच्या काखेतल्या पातेल्यावरचं चुंबक काढलं. सरळ ओढलं नाही. काठापर्यंत बाजूला सरकवत नेलं आणि अलगद सोडवलं. चुंबक असं काढायचं असतं. माझा रोजचा धंदा चुंबकाचा, पण त्या दिवशी मला ते आठवलं नव्हतं.

आता ही आमच्याकडच्या वस्तूंना लावणार, हे सगळ्यांनी ओळखलं. आमच्या बाजूची एक मावशी देण्याघेण्याच्या तबकावर रुमाल टाकून मोकळीही झाली. पण कुंदा तिकडे गेली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“डावा हात मागे घ्या,” ती म्हणाली. “घड्याळ आहे.”

मी घेतला. तिनं चुंबक माझ्या छातीला लावलं.

टक्.

माझ्या रेशमी सदऱ्याला साखळीची चांदीची बटणं होती. आत्यानं आमच्या नेहमीच्या सराफाकडून हौसेनं आणलेली, आणि सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलेली. चांदीला चुंबक चिकटत नाही. मी मान खाली घालून पाहिलं आणि मला ती झळाळी ओळखू आली. किंचित पिवळसर झाक असलेली, चांदीहून थोडी कडक. आत लोखंड, वर निकेल. ही झळाळी मी दिवसभर बघायचो. बटणं आमच्याच कुंडातून निघालेली असली तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. पहाटेपासून मी ती छातीवर मिरवत होतो आणि दुसऱ्यांची भांडी तपासत होतो.

आत्याचा चेहरा उतरला. तिला हे खरोखर माहीत नव्हतं; तीही फसली होती. तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून कुंदाचाही हात क्षणभर अडखळला. मग ती आत्याकडे वळून, अगदी घरातल्या सुनेनं विचारावं तसं म्हणाली, “आत्याबाई, हेही चिकटतंय. बदलून आणता, की मी असंच घेऊ?”

आत्यानं बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पायापासून मुंडावळ्यांपर्यंत, नीट. खोचलेला पदर तिनं सोडला.

“घे बाई असंच,” ती म्हणाली. “दुकानात हा एकच उरला होता.”

सर्वांत आधी अप्पा हसले. पातेलं काखेत धरून, फेटा हलेपर्यंत हसले, आणि हसताना माझ्याकडे बघत होते. मग सगळंच दालन हसलं. मीही हसलो असेन. तात्यामामांनी घसा खाकरला आणि कोल्हापूर गाडी फलाटाला लागली आहे, प्रवाशांनी बोहल्यावर यावं, असं खास आवाजात जाहीर केलं. पातेलं पुन्हा मेजावर गेलं, आत्यानं स्वतःच्या हातानं त्याच्यावर उतरंड लावली, आणि वृंदावनाचे साखरेचे तुकडे मुलांनी केव्हाच खाऊन टाकले.

या घाईत चुंबक माझ्या छातीवरच राहिलं. ते काढायचं धाडस कोणाला झालं नाही, मला तर नाहीच. आमच्या लग्नाचा एकच फोटो बरा आलेला आहे. त्यात अंतरपाट नुकताच दूर झाला आहे, कुंदा हार घालते आहे, आणि माझ्या सदऱ्यावर एक नाल लटकतो आहे, कुस्तीत मिळालेल्या पदकासारखा. घरी येणारे लोक विचारतात. मी सांगायला लागलो की कुंदा म्हणते, थांबा, मी सांगते, तुम्ही निकेलपासून सुरू कराल.

त्या पातेल्यात आमच्याकडे वर्षानुवर्षं दूध तापलं. निकेल नसल्यामुळे त्याला डाग पडत. कुंदा चिंच लावून ते घासायची. डाग का पडतात ते मी एकदा सांगू लागलो, तर मला मंडईत पाठवण्यात आलं. अप्पा आले की त्याच पातेल्यातल्या दुधाचा चहा व्हायचा, आणि माझं घड्याळ काढून घेऊन ते कानाला लावायचे. अप्पा गेले, आत्या गेली. पुढे मुलांनी नवी भांडी घेतली, जाड बुडाची, भारीतली. पातेलं माळ्यावर गेलं.

गेल्या दिवाळीत मुलानं विजेवर चालणारी सपाट शेगडी आणली. आई आता गॅसजवळ उभी राहायला नको, म्हणाला. तो पुण्याला परत गेल्यावर आम्ही ती पहिल्यांदा लावली. मी सूचनापत्रक तीनदा वाचलं होतं. दुधाचं भांडं ठेवलं, बटण दाबलं, तर शेगडी नुसती टीं टीं करून बंद पडायला लागली. दुसरं भांडं ठेवलं, तेच. घरातलं एकेक अस्सल, निकेलचं, महागातलं भांडं मी त्या काचेवर ठेवून पाहिलं आणि शेगडीनं एकेकाला नाकारलं. शेगडी बिघडलेली आहे, असं मी कुंदाला अधिकारवाणीनं सांगितलं. मुलाला फोनही केला.

तेवढ्या वेळात तिनं कामवाल्या बाईंकडून माळ्यावरून ते पातेलं काढून घेतलं, धुतलं, दूध ओतलं आणि शेगडीवर ठेवलं. शेगडी घूं करून चालू झाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही शेगडी चुंबकाच्या जोरावर चालते. जे भांडं चुंबकाला चिकटतं तेच हिच्यावर तापतं. बाकीची हिच्या लेखी नाहीतच. सूचनापत्रकात हे चित्रासकट दिलं होतं. मी ते तीनदा वाचलं होतं, हे वर आलंच आहे.

“तुम्हाला हे माहीत होतं?” मी कुंदाला विचारलं. लाजेनं की काय, मी तिला एकदम अहोजाहो केलं.

“मला काय माहीत असणार,” ती म्हणाली. “घरातलं तेवढंच राहिलं होतं ठेवून बघायचं.”

मग तिनं फडताळाच्या खणातून चुंबक काढलं. लाल रंग केव्हाच उडालेला आहे. ती माझ्यासमोर आली, माझा डावा हात बाजूला केला आणि चुंबक माझ्या सदऱ्याच्या बटणाला लावलं. ते चिकटलं नाही. खालच्या बटणाला लावलं. तिथेही नाही.

“खरे निघालात की हो,” ती म्हणाली.

बटणं प्लास्टिकची होती. प्लास्टिकला चुंबक चिकटतच नाही, त्यामुळे यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात पातेल्यातलं दूध काठापर्यंत आलं, आणि आम्ही दोघंही तिकडे धावलो.